उजव्या सायलेन्सरमधला मोजा

कायानी, १४ मार्च १९९३

प्रिय आउने आत्या,

नाताळच्या कार्डानंतर तुला एक ओळही लिहिली नाही. माफ कर. ‘शाळेत फार कामं होती’ असं आधी लिहिलं होतं, पण तो कागद फाडला. कामं दरवर्षीच असतात. खरं हे आहे, की मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवत होते, आणि अशी गोष्ट पोटात ठेवून हवापाण्याबद्दल लिहिणं मला जमत नाही.

मी मोटरसायकल शिकतेय.

हसून घे. मग पुढे वाच.

जानेवारीपासून दर सोमवारी संध्याकाळी वर्गाला जाते. बाकी सगळी कोवळी मुलं, त्यांतले दोघे तर माझेच जुने विद्यार्थी. पहिल्या दिवशी एकजण म्हणाला, “बाई, तुम्ही आमची परीक्षा घ्यायला आलात का?” मी म्हटलं, “नाही रे, नापास व्हायला आलेय.” पण झाले नाही. लेखी परीक्षा पास झाले! रस्त्यावरची परीक्षा बर्फ वितळल्यावर. आधी कुणाला सांगितलं नाही ते नापास होण्याच्या भीतीने. त्यातही तुझी भीती सगळ्यांत जास्त.

गाडीसुद्धा घेतली. लाल सुझुकी, छोटीच आहे, इथल्या दंतवैद्याच्या बायकोची. शेडमध्ये ओल येते म्हणून ती आमच्या दारात, कोट टांगायच्या जागेत उभी आहे. रायमो तिच्या हँडलला मफलर अडकवतो आणि म्हणतो, “नवऱ्यापेक्षा हिची जास्त विचारपूस होते या घरात.” शाळेतून आले की बूट काढायच्या आधी मी सीटवर बसते. क्लच दाबते, गिअर टाकते, तोंडाने आवाजही काढते. चव्वेचाळीस वर्षांची, जीवशास्त्र शिकवणारी बाई! हे बरं दिसत नाही, असं मनात येतं आणि मी पुन्हा आवाज काढते.

हे खूळ तुझ्याकडूनच आलंय. तू बाळंतपणं करायला गावोगाव जायचीस, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुझ्या जावा मोटरसायकलच्या साइडकारमध्ये, मांडीवर तुझी औषधांची पिशवी घेऊन. पिशवी हलू द्यायची नाही हे माझं काम. एवढं महत्त्वाचं काम मला त्यानंतर कुणी दिलेलं नाही.

तर आता मागणं. एप्रिलअखेर मी तुझ्याकडे गाडीने येते. वाप्पूच्या सणाला, एक मेच्या सकाळी, आपण दोघी तळ्याकाठी कॉफीला जाऊ. तू पुढे जावावर, मी मागे. तुझं डॉक्टरचं प्रमाणपत्र या वसंतात नवं करायचंय ना? सत्तरीनंतर त्याच्याशिवाय चालवू देत नाहीत. तेवढं काम आळस न करता उरकून टाक. मी दिवस मोजतेय.

तुझी,
तुइरे

—

लेहतोवारा, २२ मार्च

तुइरे पोरी,

हसले. शेजारच्या अर्मास मास्तरांना पत्र वाचून दाखवलं, तेही हसले. म्हणाले, “चला, घराण्यात आणखी एक वेडी निघाली.” मी म्हटलं, “तुम्ही एवढे शहाणे, पण बर्फात अडकला होतात तेव्हा ओढून काढायला वेडीच आली होती.”

दंतवैद्याच्या बायकोची गाडी म्हणजे स्वच्छ असणार. तरी चेनला तेल घाल. बायका सीट पुसतात आणि चेन विसरतात.

इथे बर्फ अजून खिडकीला टेकलाय. जावा नेहमीसारखी सॉनाच्या बाहेरच्या खोलीत झोपलीय, तिच्यावर घोंगडी. दोन्ही सायलेन्सरमध्ये मोजे कोंबलेत, म्हणजे उंदीर आत संसार थाटणार नाहीत. एका हिवाळ्यात विसरले होते. वसंतात किक मारली तर आख्खं घरटं धुरासकट बाहेर आलं. उंदीरही आले आणि माझ्याकडे रागाने बघत गेले.

टपालपेटीचा खांब वाकलाय. बर्फ सारणाऱ्या गाडीने वाकवला. तेव्हा पत्र ओलं होऊन पोचलं तर मला बोलू नकोस.

प्रमाणपत्राचं बघते. आरोग्यकेंद्रात नवा डॉक्टर आलाय, पोरसवदा आहे. त्याची आई माझ्या हातावर जन्मली, आता तो मला म्हणणार जीभ दाखवा. एप्रिलमधली वेळ घेतलीय.

वाप्पूला ये. तू मागे राहशील तर धूर खाशील, हे आधीच सांगून ठेवते.

आत्या

—

कायानी, २३ एप्रिल

प्रिय आत्या,

पास! पास! पास!

तीनदा लिहिलं, एकदा पुरेसं होतं. पण खोडत नाही.

परीक्षक घुमा माणूस, मागून मोटारीत बसून पाहत होता. परत आल्यावर म्हणाला, “तुम्ही फार सावकाश चालवता.” मी विचारलं, “ही चूक आहे का?” तो म्हणाला, “नाही. पण मला झोप येत होती.” आणि सही केली.

काल एकटी निघाले, कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही. हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली खडी महापालिकेने अजून झाडलेली नाही, त्यामुळे वळणावर बॉलबेअरिंगवरून चालल्यासारखं वाटतं. पोटावर कालचं वर्तमानपत्र घातलं होतं, तू सांगितलं होतंस तसं. तरी गार वारा बाहीतून शिरून काखेत बसला. डोळ्यांतून पाणी. हेल्मेटची काच धुक्याने भरली की श्वास धरायचा, निवळली की सोडायचा. सावलीतला बर्फ काळा पडलाय, उन्हातल्या शेतातून वाफ निघतेय, आणि गोठ्यांमधून शेणाचा वास. आत्या, मोटारीत काच बंद करून मी या रस्त्याने वीस वर्षं जातेय, मला हा वास माहीतच नव्हता! मी ओरडले. शब्द काही नव्हता, नुसतीच ओरडले.

आणि मग ते झालं. समोरून एक काळी मोठी गाडी आली. चालवणाऱ्याने डावा हात हँडलवरून खाली सोडला, दोन बोटं रस्त्याकडे. मला! तो नमस्कार मला होता! पण हात सोडायचं धाडस झालं नाही. मी मान हलवली, इतक्या जोरात की हेल्मेट नाकावर आलं. घरी येईपर्यंत तेच मनात. त्याला वाटलं असेल, काय उर्मट बाई आहे. की वाटलं असेल, नवशिकी आहे, चालायचंच. रायमो म्हणतो, त्याला काहीच वाटलं नसेल. हेही मला पटत नाही.

डॉक्टर काय म्हणाला? तू काहीच कळवलं नाहीस.

तुझी,
तुइरे

—

लेहतोवारा, २६ एप्रिल

तुइरे,

शाबास. केक करून खा, माझ्या वाट्याचाही.

नमस्काराचं मनावर घेऊ नकोस. हात सोडता येईल तेव्हा सोड. त्या नमस्कारापायी खड्ड्यात गेलेले दोन पुरुष मला माहीत आहेत, बाई एकही नाही.

डॉक्टरला सर्दी झाली म्हणून वेळ पुढे ढकलली. डॉक्टरलाच सर्दी, मग आम्ही कुणाकडे बघायचं? तू त्याची काळजी करू नकोस.

जावा बाहेर काढली. डाव्या सायलेन्सरमधला मोजा काढला. उजव्यातला उंदरांनी पळवलेला दिसतो. लोकरीचा होता, त्यांनाही थंडी असणारच.

वाप्पूचं सिमा बाटल्यांत भरलंय. मनुका वर तरंगल्या की प्यायला तयार. तू यायच्या आत वर येतील, त्या तुझ्यापेक्षा वेळेवर असतात.

आत्या

—

कायानी, ३ मे

प्रिय आत्या,

वाप्पूच्या सकाळी तू तिथेच होतीस. तरी सगळं क्रमाने लिहिते, कारण क्रमाने लिहिल्याशिवाय मला माझंच म्हणणं कळत नाही. आणि हे मी तुझ्या तोंडावर बोलू शकले नाही.

तू कातडी कोट घालून आलीस तेव्हा मला पुन्हा सात वर्षांची झाल्यासारखं वाटलं. अर्मास मास्तर मॅट्रिकपासून जपलेली पांढरी टोपी घालून आपल्याला निरोप द्यायला आले होते. तू किक मारलीस. गाडी सुरू झाली, पण लंगडत. एकच सिलिंडर बोलत होता.

मास्तर म्हणाले, “आउने, तुझ्या गाडीला खोकला झालाय.”

तू म्हणालीस, “तुमच्याच वयाची आहे, खोकणारच.” आणि मूठ पिळलीस.

धडाम! उजव्या सायलेन्सरमधून मोजा सुटला आणि नेमका मास्तरांच्या टोपीवर. पांढऱ्या टोपीवर काळा, तेलकट, लोकरीचा मोजा! मास्तर ओरडले, “इतकी वर्षं पोरांनी मला खडू मारले, मोजा आजवर कुणी मारला नव्हता!” माझं पोट दुखायला लागलं हसून. मास्तरही हसत होते.

तू हसली नाहीस. तो मोजा घेऊन बघत राहिलीस. मग गाडी बंद केलीस आणि म्हणालीस, “गुडघा दुखतोय. तू जा एकटी.”

मला वाटलं, आम्ही हसलो म्हणून तुला राग आला. म्हणून गेले. तळं अजून गोठलेलंच होतं, काठावर दहा-बारा गाड्या, लोक उभ्याने कॉफी पीत होते. एका बाईने विचारलं, “एकटीच?” मी म्हटलं, “आत्या मागून येतेय.” असं का म्हटलं, कळलं नाही. तुझ्यासाठी साखरेत घोळवलेला गरम मुंक्की घेऊन परत फिरले.

तुझ्या वाटेवर वळताना टपालपेटीचा खांब पाहिला. त्याच्यावर निळा रंग लागलाय, तुझ्या साइडकारचाच निळा, तिच्याच उंचीवर. तुमच्या गावात बर्फ सारणारी गाडी पिवळी आहे, आत्या. मग स्वयंपाकघरात मी मुंक्कीची ताटली तुझ्या उजव्या हाताशी ठेवली, आणि तू म्हणालीस, “मला नाही का आणलास?”

मी ताटली डावीकडे सरकवली. तू मुंक्की उचलून खाल्लास.

उंदरांनी मोजा पळवला नव्हता. तो तिथेच होता. उजव्या बाजूचं तुला दिसत नाही, असं मला वाटतं.

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, याचा दोन दिवस विचार केला. चूक असेन तर तुझा अपमान झाला. बरोबर असेन तर तुझ्या आयुष्यातली सगळ्यांत आवडती गोष्ट मी काढून घेतेय. गप्प बसले असते तर तू मला पुढेही बोलावलं असतंस, हा मोह मला झाला, तोही सांगते. पण तू एकटी रस्त्यावर असशील आणि उजवीकडून कुणी येईल, हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

प्रमाणपत्र मिळालंय का? नसेल तर चालवू नकोस. मिळालं असलं तरी चालवू नकोस. एवढंच मागते.

तुझी,
तुइरे

—

कायानी, १९ मे

आत्या,

उत्तर नाही. अर्मास मास्तरांना फोन करायचं मनात आलं, पण ती हेरगिरी झाली असती. तू रागावलेली चालेल. फक्त एक ओळ लिही, म्हणजे तू घरात आहेस हे कळेल.

तुइरे

—

लेहतोवारा, २४ मे

तुइरे,

घरातच आहे. जाणार कुठे?

रागावले होते. तुझं पत्र चुलीत टाकायला घेतलं, पण सॉनाचा दिवस नव्हता, चूल थंड होती. मग पुन्हा वाचलं. तू लहानपणीही अशीच होतीस. बरणीतला जाम खाल्लास की स्वतःच येऊन सांगायचीस, आणि वर दुसऱ्या कुणी किती खाल्ला तेही सांगायचीस.

डॉक्टरला सर्दी झाली नव्हती. तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात मी त्याच्याकडे जाऊन आले होते. त्याने दिवा दाखवला, बोटं दाखवली. शेवटी म्हणाला, “आउने, उजव्या डोळ्याने तुम्हाला मी दिसतोय का?” मी म्हटलं, “तुझ्यात बघण्यासारखं काय आहे?” तो हसला नाही. प्रमाणपत्र नाही म्हणाला. गरीब पोरगं, मला दारापर्यंत सोडायला आलं.

घरी आले तर तुझं पत्र. तू पुढे, मी मागे. आता तूच सांग, काय लिहिणार होते मी?

मनात ठरवलं, एकदाच. तळ्यापर्यंत, वाप्पूला, मग संपलं. रस्ता पाठ आहे, डोळे मिटून जाईन. असं मनाला सांगत होते, आणि अर्धे डोळे मिटलेलेच होते.

मग तो मोजा उडाला. तुम्ही हसत होतात, मला वेगळंच दिसत होतं. त्या सायलेन्सरपाशी मी वाकले होते. बघितलं, काही दिसलं नाही, म्हणून ‘नाही’ म्हणाले. हात घालून पाहिलं नाही. बाळंतिणीपाशी मी असं कधी केलं असतं का? आज मोजा होता. मास्तर टोपीसकट चाकाच्या उजव्या बाजूला उभे असते तर? गुडघा मुळीच दुखत नव्हता.

आता ऐक. तीन आठवडे नुसती रुसून बसले नव्हते, विचार केला.

जावा विकणार नाही. पण उभी ठेवली तर तिची हाडं आखडतील. तू चालव. साइडकारची गाडी म्हणजे तुझी सुझुकी नव्हे, आधीच सांगते. वळताना अंग झुकवायचं नाही, झुकवून काही होत नाही, हँडल ओढावं लागतं. मूठ पिळली की ती उजवीकडे जाते, ब्रेक लावला की डावीकडे. किक आणि गिअर एकाच दांड्यावर, तेवढं तुझ्या डोक्यात शिरेल. आणि रिकामी साइडकार उजव्या वळणावर उचलली जाते. त्यासाठी लोक वाळूचं पोतं ठेवतात.

पोतं ठेवायचं नाही. मी बसेन. वजनाला कमी नाही, आणि पोत्याला तोंड नसतं, मला आहे.

नमस्काराचंही मी बघेन. तू दोन्ही हातांनी हँडल धर.

शाळा सुटली की ये. बसने ये, तुझं लाल खेळणं घरी ठेव.

आत्या

ता. क. मास्तरांची टोपी धुतली. डाग गेला नाही. ते म्हणतात, राहू दे, गोष्ट सांगायला बरा.

—

लेहतोवारा, १३ जून

प्रिय आत्या,

हे पत्र तुझ्याच पायरीवर बसून लिहितेय. तू सॉनात आहेस, दगडांवर पाणी टाकल्याचा आवाज इथपर्यंत येतोय, आणि मला शिव्या देत अंघोळ करतेयस हेही ऐकू येतंय. बोलून सांगता आलं असतं. पण आपल्या दोघींचं खरं बोलणं कागदावरच होतं असं दिसतं. पत्र तुझ्या पेटीत टाकते, सकाळी चालत जाऊन घे.

पहिल्या दिवसाबद्दल काय लिहू? अंगणातून निघाले, मूठ पिळली, गाडी उजवीकडे गेली. तू सांगितलं होतंस की ती उजवीकडे जाते. मला पाठ होतं. तरी मी सुझुकीच्या सवयीने अंग डावीकडे झुकवलं, आणि सरळ टपालपेटीच्या खांबाला जाऊन भिडले. तू साइडकारमध्ये, तुझ्या नाकासमोर खांब. मला वाटलं आता तू उठून घरात जाशील. तू खांबाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “बघ. मी म्हणत होते ना, दोष खांबाचाच आहे.”

आज मात्र तळ्यापर्यंत गेलो! बर्चची पानं अजून इतकी कोवळी आहेत की रस्ताच हिरवा दिसत होता. तू पूर्ण वेळ ओरडत होतीस. “हँडल ओढ! घाबरतेस काय, ओढ! आता सोड! अगं, इथे गिअर टाकायचा, मी तुझ्या वयाची असताना इथे चौथ्यात असायचे!” मी तुझ्या वयाची होईन तेव्हा मलाही असं ओरडायला कुणीतरी हवं, असं वाटून गेलं.

मग समोरून तीन गाड्या आल्या. पहिल्याने हात खाली सोडला. मी हँडल घट्ट धरून बसले, आणि बाजूला तू पांढरं हेल्मेट घातलेली, साइडकारमध्ये अर्धी उभी राहून दोन्ही हात वर! त्यांच्यातला शेवटचा हसून गाडीवरून पडायच्या बेतात होता. त्यानंतर वाटेतल्या एकालाही तू सोडलं नाहीस. दुधाच्या टँकरलाही नमस्कार केलास. टँकरवाल्याने भोंगा वाजवला. तू खाली बसलीस आणि म्हणालीस, “इतकी वर्षं हातात हँडल होतं म्हणून हे जमलंच नव्हतं.”

तू हे माझ्या समाधानासाठी म्हणालीस, की खरंच? सवयीने मी हा प्रश्न घरी येईपर्यंत उगाळला. वळणावर शंभर मीटर ती गोष्ट विसरले होते, कारण वळण उजवं होतं, आणि साइडकारचं चाक जमिनीला चिकटून राहिलं. तुझं वजन मला हँडलमध्ये जाणवत होतं. पिशवी हलू द्यायची नाही हे माझं काम होतं. आज जाणवलं, ते काम अजून माझ्याकडेच आहे.

तू हाक मारतेयस, पाठ चोळायला. आले.

उद्या: टपालपेटीचा खांब वाटेपासून दोन हात लांब पुरणे.

तुझी,
तुइरे